चढ चढताना बोलता आले पाहिजे

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात सायकलला पुन्हा मान मिळू लागला आहे. एकेकाळी शाळामास्तर, पोस्टमन आणि दूधवाला यांचे वाहन म्हणून ओळखली जाणारी सायकल आता बँकेतले साहेब, व्यापारी, वकील आणि निवृत्त मंडळीही हौसेने विकत घेतात. पहाटे गावाबाहेर एक चक्कर मारून समाधान होत नाही, म्हणून हिवाळा लागला की दोन-तीन दिवसांच्या सहलीचे बेत आखले जातात. कोणी शिरपूर, रिसोड करत लोणारला जातो, कोणी पोहरादेवीला, तर कोणी गाडीवर सायकली बांधून थेट नाशिकच्या द्राक्षबागा गाठतो. आणि मग दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, पन्नाशी उलटली, बी.पी.ची गोळी चालू आहे. डोंगरातून सायकल चालवली तर चालेल काय?"

बहुतेकांना माझे उत्तर "चालेल" असेच असते. पण एक अट घालतो. चढ चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ही अट पाळणारा माणूस साठीतही डोंगर पालथे घालतो आणि न पाळणारा चाळिशीतच पहिल्या घाटात अडचणीत येतो. असे का, हे आज समजून घेऊ.

आपला मुलूख सपाट नाही

वाशिम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर वसला आहे. आपल्याकडे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे जाते आणि तिचे पाणी पुढे तापीत मिसळते. पैनगंगेचे पाणी मात्र पूर्वेला वर्धा नदीकडे आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे आपण दोन मोठ्या खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर राहतो. त्यामुळे इथला रस्ता सतत खाली-वर होतो. मोटारीत बसणाऱ्याला हे जाणवत नाही, सायकलस्वाराच्या मांड्यांना मात्र प्रत्येक नाला आणि प्रत्येक टेकाड कळते.

बघण्यासारखेही पुष्कळ आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशिम. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजा आणि तिथल्या जुन्या वेशी, मंगरुळपीरचा दर्गा, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही सारी ठिकाणे सायकलच्या टप्प्यात आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आणि मध्ययुगीन दैत्यसूदन मंदिर आहे. लोणार २०२० साली रामसर यादीत गेले, त्यामुळे आता दूरदूरचे लोकही येतात. विवरात उतरणे सोपे आहे. पण दिवसभर सायकल चालवून थकलेल्या पायांनी ते पुन्हा चढून येणे हा दुसरा घाटच समजावा. त्यासाठी अंगात थोडी ताकद राखून ठेवावी.

जाता जाता एक सूचना. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही. जुने राज्य मार्ग आणि गावरस्ते हेच आपले रस्ते.

चढावर शरीरात काय होते ?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला मुख्यतः वाऱ्याशी झगडावे लागते. चढावर झगडा वजनाशी असतो. समजा तुमचे वजन ७० किलो आहे आणि सायकल, पाणी व सामान मिळून २० किलो. हे ९० किलोचे ओझे १०० मीटर उंच चढवायचे, तर शरीराला साधारण ९० ते १०० कॅलरी खर्च कराव्या लागतात. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या अर्ध्या भाकरीतून मिळते त्यापेक्षा थोडी जास्त. म्हणजे अन्नाची अडचण फारशी नाही. अडचण आहे ती हा खर्च किती मिनिटांत करता याची.

एक किलोमीटरमागे ५० मीटर चढणारा रस्ता घ्या. त्यावर ताशी ८ किलोमीटरने जाणाऱ्याच्या हृदयावर जो भार पडतो, त्याच्या जवळजवळ दीडपट भार ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्यावर पडतो. वेगातला फरक डोळ्यांना नगण्य वाटतो, पण हृदयाला तो नगण्य नसतो. मांडीचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात, हृदय जोराने आणि भराभर ठोके देते, रक्तदाब वाढतो, श्वास वाढतो. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की स्नायू प्राणवायूवाचून काम रेटतात, पाय भरून येतात आणि धाप लागते. तरुण निरोगी माणूस यातून दोन मिनिटांत सावरतो. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच आतून अरुंद झाल्या आहेत, त्याच्यासाठी हीच वेळ धोक्याची असते.

म्हणून सांगतो, दम हेच मोजमाप धरा. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही योग्य गती. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल, तर गियर हलका करा आणि वेग कमी करा. तरीही भागत नसेल तर खाली उतरून सायकल ढकला. आपल्या साध्या काळ्या सायकलला तर एकच गियर असतो. तिच्यावरून घाटात उतरण्यात कसलाही कमीपणा नाही.

चढ संपला की लगेच थांबून उभे राहू नका. व्यायामात पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकदम थांबल्यास रक्त पायांत साचते आणि चक्कर येते. दोन-चार मिनिटे हळूहळू पायडल मारा किंवा पायी चाला.

"गॅस झाला असेल"

माझ्याकडे येणारे एक किराणा दुकानदार, वय ५४, सकाळी मित्रांसोबत सायकल चालवत. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही. गावाबाहेरच्या चढावर मात्र छातीच्या मधोमध दडपण येई. थांबले की तीन-चार मिनिटांत ते जाई. त्यांनी दोन महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. पत्नीच्या आग्रहावरून आले, तेव्हा साधा ई.सी.जी. नॉर्मल निघाला. पण तक्रारीचे स्वरूप पाहून मी त्यांना पुढच्या तपासणीला अकोल्याला पाठवले. ट्रेडमिल टेस्टमध्ये दोष दिसला, अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच बंद निघाली आणि स्टेंट बसवावा लागला. आज ते पुन्हा सायकल चालवतात, हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत.

वाचकहो, यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. श्रम केल्यावर येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच समजावे. ते छातीतच येईल असे नाही. जबड्यात, गळ्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात येऊ शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधी कधी नुसता थकवा, मळमळ किंवा अवाजवी धाप एवढेच लक्षण असते. बसून असताना काढलेला ई.सी.जी. नॉर्मल आला म्हणजे निर्धास्त झालो, असे मानू नये.

निघण्यापूर्वी कोणी तपासून घ्यावे ?

वय ४० च्या पुढे असून बरीच वर्षे व्यायाम नाही, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट-तंबाखू, किंवा घरात वडील-भावाला कमी वयात हृदयविकार, यांपैकी काहीही असेल तर सहलीआधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ई.सी.जी. आणि गरज वाटल्यास ट्रेडमिल टेस्ट किंवा इको. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणा, मग सायकल.

अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळातच फार वाढत नाही. मनगटावरचे घड्याळ "ठोके कमी आहेत" असे दाखवते म्हणून त्यांनी जोर लावू नये. त्यांनी दमावरच भिस्त ठेवावी. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात पाणी आणि क्षार लवकर कमी होतात, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. कोणतीही गोळी सहलीपुरती आपल्या मनाने बंद करू नका.

आठ आठवड्यांची तयारी

१९२३ साली मुंबईहून सायकलने जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे १९२८ साली ती पूर्ण करून परतले. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. अशी नावे ऐकून उत्साह येतो, आणि यायलाच हवा. पण असल्या पल्ल्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. आपल्याला तीन दिवसांच्या सहलीसाठी निदान आठ आठवडे तरी द्यायला हवेत.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सपाट रस्त्यावर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तो एवढ्यानेच पुरा होतो. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारचा फेरा थोडा थोडा लांबवा. एकदम दुप्पट नको, आधीच्या आठवड्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा जास्त. पाचव्या आठवड्यापासून जवळचा एखादा चढ निवडा आणि बोलता येईल अशा गतीने तो दोनदा, मग तीनदा चढा. सातव्या आठवड्यात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब फेरा करा. सहलीत खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय आणि बैठक आखडलेली असताना होते. शेवटच्या आठवड्यात हलके चालवा, झोप पुरी घ्या.

सायकल अंगाला बेतून घ्या

गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांपैकी कित्येकांची सीट खाली असते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो योग्य. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर मागच्या बाजूला दुखते आणि कंबर डुलते.

गियरची सायकल असेल तर चढ लागण्याआधीच हलका गियर टाका. मिनिटाला ६० ते ८० फेरे पाय फिरत राहावेत. जड गियर रेटत मिनिटाला ३०-४० फेरे मारणे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जास्त दाब.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दबते आहे. पकड बदलत राहा, कोपर किंचित वाकवा. बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडे उभे राहून चालवा आणि सीटचे टोक वर उचललेले नाही ना, ते बघा. शिवण टोचणारी पँट घालू नका.

पाणी, मीठ आणि भाकर

श्रम करताना ताशी अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, उन्हात याहून जास्त. साधारण ताशी अर्धा लिटर पाणी थोडे थोडे करून प्या, ऊन असेल तर तहानेप्रमाणे वाढवा. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पाणी पुरेसे आहे. गडद झाली तर कमी पडते आहे. दोन तासांपेक्षा जास्त चालवायचे असेल तर नुसते पाणी ढोसत राहू नका. घामातून मीठही जाते. नुसत्या पाण्याने रक्तातले सोडियम घटून डोके जड होणे, मळमळ, गोंधळणे असे प्रकार होतात. ओ.आर.एस.ची पुडी सर्वांत चांगली. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको.

निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी भाकर किंवा पोहे असे साधे खाणे. वाटेत दर तासाला मूठभर शेंगदाणे-गूळ, केळे, मनुका किंवा खजूर. मंगरुळपीर-कारंजाकडची संत्री मिळाली तर उत्तमच. ढाब्यावर तेलकट भजी खाऊन लगेच चढ चढू नये. पोट आणि पाय दोघेही एकाच वेळी रक्त मागतात. गावातले उघड्यावरचे पाणी टाळा, क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा.

आपल्याकडे सहलीचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. एप्रिल-मे मध्ये जायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत मुक्काम गाठा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. शुद्धीवर नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

मधुमेही सायकलस्वारांसाठी

सायकल मधुमेहाला चांगली, पण लांब पल्ल्यात साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरने साखर बघा. १०० च्या खाली असेल तर खाऊन निघा. २५० च्या वर असून अंगात ताप, उलट्या किंवा अशक्तपणा असेल तर त्या दिवशी निघू नका. सहलीच्या दिवसांत डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. सायकल चालवण्यापूर्वी मांडीत इन्सुलिन टोचू नका, तिथून ते लवकर शोषले जाते. पोटावर घ्या.

थरथर, थंड घाम, धडधड, एकाएकी कडकडून भूक किंवा चिडचिड झाली की थांबा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. त्यानंतर काही खाऊन मगच सायकलवर बसा. साखर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नये. खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

द्राक्षबागांकडे जाणाऱ्यांना

नाशिक, दिंडोरी, सिन्नर हा पट्टा सायकलसाठी सुंदर आहे. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर, त्र्यंबकचा घाट आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर तिथे वायनरी वाढल्या. आता पर्यटक वाईन चाखायलाही जातात. "डॉक्टर, वाईन तर हृदयाला चांगली ना?" असेही विचारले जाते. पूर्वी असे बोलले जाई खरे. परंतु आरोग्यासाठी दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

सायकलस्वाराला तर त्यात तिहेरी तोटा आहे. मद्याने लघवी वाढून शरीर कोरडे पडते. तोल आणि निर्णयशक्ती बिघडते, आणि ती बिघडलेली स्वतःला कळत नाही. शिवाय यकृत साखर तयार करण्याचे काम मंदावते, म्हणून दिवसभर सायकल चालवून रात्री मद्य घेणाऱ्या मधुमेह्याची साखर पहाटे धोकादायक पातळीवर उतरू शकते. बागा पाहाव्यात, द्राक्षे धुऊन खावीत, वाईनचा मोह टाळावा.

उतार फसवा असतो

चढावर छातीला धोका, तर उतारावर डोक्याला. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. बारीक खडी, ओला शेणकाला आणि वाळत घातलेले सोयाबीन यांवर चाक सरकते. दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबून थोडे सोडून वापरा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नव्हे. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर बघा. हेल्मेट उतारापुरते नव्हे, पूर्ण वेळ डोक्यावर असावे.

गावाजवळ कुत्री मागे लागतात. पळवण्याच्या नादात माणूस पडतो. खाली उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे चाला. चावल्यास जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा आणि सर्व डोस पुरे करा.

कधी थांबायचे ?

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी अडखळत धावणे, किंवा नेहमीपेक्षा फार जास्त धाप, यांपैकी एकही लक्षण आले की सहल तिथेच संपली असे समजा. सावलीत बसा, १०८ ला फोन करा. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खावी. "पुढच्या गावापर्यंत जाऊन बघू" असे म्हणू नका, आणि सोबत्यांनीही म्हणू देऊ नका.

म्हणूनच एकट्याने जाऊ नये. गटात गेलात तर सर्वांत मागच्या माणसाच्या गतीने गट चालवा. तरुण मुलांनी पुढे जाऊन टेकडीवर वाट बघत टाळ्या वाजवल्या, की मागचा पन्नाशीतला काका लाजेपोटी जोर लावतो, आणि नको तिथे नको ते घडते. त्यापेक्षा एका तरुणाने त्याच्याशेजारी सायकल ठेवून त्याला बोलते ठेवावे. शेतीवाडीचे विचारावे, नातवंडांचे विचारावे. जोवर उत्तरे पूर्ण वाक्यात येतात, तोवर काळजीचे कारण नाही. उत्तरे "हो", "नाही" वर आली की दोघांनीही खाली उतरून पायी चालावे. टेकडी कुठे जात नाही.